न सापडलेलं पान

१

जानेवारीत कार्वोनेनांच्या भाड्याने द्यायच्या केबिनांकडे कुणी चिटपाखरू फिरकत नाही. खिडक्यांच्या वर बर्फ चढलेला असतो, रस्ता दिवसाआड बंद, आणि समोरचं सुपीरियर सरोवर काठाकाठाने गोठलेलं. सरोवर आहे समुद्राएवढं, पण मिशिगनच्या या टोकाची माणसं त्याला तळंच म्हणतात. घरातल्या खाष्ट म्हातारीबद्दल बोलावं तसं, जरा जपून बोलतात.

तरी एल्मा कार्वोनेनचा सकाळचा पहिला तास पाहुण्यांतच जायचा. तिचा नवरा वाइनो फावडं घेऊन वाटा मोकळ्या करायला गेला, की ती कॉफीचा कप आणि वेलदोड्याच्या पावाचा तुकडा घेऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कंप्युटरपुढे बसायची. एक बटण दाबलं की त्यांची वेबसाइट जिथे ठेवली होती त्या दूरच्या शहरातलं यंत्र सगळी नोंद पाठवून द्यायचं. कोण आलं, कुठलं पान मागितलं, ते मिळालं की नाही, पुढे कुठे गेलं. ती नोंद म्हणजे नुसती आकड्यांची गिचमिड. सॉफ्टवेअर ती तांदळासारखी निवडून स्वच्छ रिपोर्ट हातात ठेवायचं. पाहुणा कुठल्या पानावरून आत शिरला आणि कुठल्या पानावरून बाहेर पडला, हेसुद्धा त्यात असायचं. बराच वेळ कुणी काही मागितलं नाही, की ते भेट संपल्याचं लिहून टाकायचं.

मुलीने, डोरीनने, हे बसवून दिलं तेव्हा एल्माने नाक मुरडलं होतं. "दारात कोण येऊन गेलं ते बघायला देवाने खिडकी दिलीय," ती म्हणाली होती. पण पुढे तिला त्याची चटकच लागली. आधीच दुसऱ्याच्या घरात डोकावायची हौस, त्यात ही घरबसल्या सोय.

"टेक्सासचा आज परत येऊन बर्च केबिनमधला पलंग बघून गेला," ती वाइनोला सांगायची.

"मग? येतोय का?"

"भाडं बघितलं आणि पळाला."

यंदा मात्र त्या रिपोर्टाला वजन आलं होतं. शिकागोकडच्या एका जोडप्याला घर, केबिन, जमीन सगळंच विकत हवं होतं. वेबसाइटवर वर्षभर किती माणसं येतात ते त्यांना सह्या करण्याआधी बघायचं होतं. म्हणून एल्माने पहिल्यांदाच रिपोर्ट तळापर्यंत वाचला. तळाशी एक यादी होती, तिच्याकडे तिने आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. लोकांनी मागितलेली, पण न सापडलेली पानं.

बहुतेक चुका टंकणाऱ्यांच्या होत्या. कुणी सीडर केबिनच्या नावातली अक्षरं खाल्ली होती, कुणी स्प्रूसमध्ये एक जास्तीचं घातलं होतं. सगळ्यांत वर, बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा, एकच नाव होतं. टॅमरॅक.

त्या नावाचं पान कधीच नव्हतं. त्या नावाची केबिन मात्र होती. वेबसाइट निघाली त्याच्या आधीच वाइनोने ती पाडली होती. तिच्यात त्यांचा मुलगा आर्विड राहायचा.

एल्माने कप तोंडाला लावला तेव्हा कॉफी पार निवली होती.

२

"यंत्र असणार, आई," डोरीन फोनवर म्हणाली. ती मिनियापोलिसला असते. "शोध घेणारी यंत्रं असतात, ती रात्रंदिवस लोकांच्या साइट चाचपत हिंडतात. वाटेल ती नावं मागतात."

"वाटेल ती नाही मागत. एकच मागतंय."

"मग कुणी जुनं गिऱ्हाईक असेल. टॅमरॅकमध्ये उतरलेलं. बाकीच्या पानांची नावं झाडांची आहेत म्हटल्यावर अंदाजाने हेही टाकत असेल."

"आर्विडने कधी कुणाला आत घेतलंय? त्याच्या केबिनमध्ये मलासुद्धा दार वाजवून जावं लागायचं."

भावाचं नाव निघालं की डोरीन घाईने व्यवहाराचं बोलायला लागायची.

आर्विड बऱ्याच वर्षांपूर्वी, मार्चमध्ये गेला. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून ट्राउट मासे धरायला गेला होता, इथली अर्धी माणसं जातात तसा. दुपारी वारा फिरला आणि काठाला धरून असलेला बर्फ सुटून आत निघाला. शोधणाऱ्यांना त्याची टपरी सापडली, ढकलगाडी सापडली, आणि बर्फाच्या कडेला त्याचा डाव्या पायातला बूट सापडला. पाण्यात पडलेला माणूस बूट झटकून टाकायला बघतो, ते जड होतात म्हणून, असं शेरीफने समजावून सांगितलं होतं. दुसरा बूट मिळाला नाही, आणि आर्विडही नाही. तो एकटा बूट तेव्हापासून स्वयंपाकघराबाहेरच्या पडवीत, खुंटीखाली उभा होता. झाडताना एल्मा तो उचलायची आणि झाडून झालं की परत तिथेच ठेवायची.

"आई, ऐकतेयस ना?" डोरीन म्हणाली. "शनिवारी ते लोक येतायत. आता मागे फिरू नकोस. बाबांची कंबर गेलीय. दोघं तिथे बर्फात गाडले जाल आणि मला वसंतात कळेल."

"मी कुठे मागे फिरतेय?"

"तुझा आवाज फिरतोय."

खरं होतं ते. घर विकायला एल्मा हो म्हणाली होती, पण तोंडाने. मनातून तिला एकच वाटायचं, की आपण इथून गेलो तर तो येईल कुठे? हे ती कुणाला सांगत नव्हती. सांगितलं असतं तर डोरीन रडली असती, आणि वाइनो उठून सौनाला, वाफेच्या न्हाणीघराला, लाकडं फोडायला गेला असता.

३

दुसऱ्या दिवसापासून एल्मा रिपोर्ट सोडून मूळ नोंदच वाचू लागली. गिचमिडीला डोळा सरावला की तीही बोलायला लागते.

तो पाहुणा रोज यायचा, दिवेलागणीला. इतरांच्या नावापुढे ते कुठून आले त्याचा आकडा असायचा, याच्यापुढे नुसती रेघ. पहिल्यांदा तो जेट्टीचा फोटो मागायचा. मग जाळ्यांच्या खोलीचा. मग सौनाचा. ही तिन्ही पानं होती, डोरीनने उन्हाळ्यात फोटो काढून लावली होती, आणि ती त्याला मिळायची. मग तो टॅमरॅक मागायचा. सापडत नाही, असं उत्तर जायचं. तिथून पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जेट्टी.

तळ्याकडून घराकडे येणारी वाट नेमकी तशीच आहे.

एल्मा स्वतःला बजावत राहिली की फोटो त्याच क्रमाने लावलेत, बघणारा त्याच क्रमाने बघणार. गेलेलं माणूस नोंदीत कुठून येणार? पण दोन पानांमधला वेळ तिच्या डोक्यातून जाईना. फोटो बघायला इतका वेळ कुणाला लागत नाही. एका दुपारी तिने कोट चढवला, जेट्टीपाशी गेली आणि नेहमीच्या चालीने परत निघाली. जाळ्यांची खोली, सौना, आणि सौनामागची ती मोकळी जागा, जिच्यावर बर्फ तेवढा सपाट पसरलेला असतो. घरी येऊन तिने घड्याळ आणि नोंद जुळवून पाहिली. चालायला लागतो तेवढाच वेळ होता तो. जरा जास्तच, पाय ओढत चालणाऱ्या माणसाला लागावा तेवढा.

मग तिने मागचे दिवस उलटून बघितले. वादळाच्या दिवशी तो वेळ दुपटीने लांबला होता. वाइनोने सौनाची वाट साफ केली त्या संध्याकाळी तो पुन्हा आखडला होता.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पावाचा घास तोंडात फिरत राहिला. पण भीतीच्या खालून जे वर आलं ते फार जुनं होतं. मुलगा शाळेतून यायला उशीर झाला की तिचा जीव खिडकीत जाऊन बसायचा, तसा तो आताही जाऊन बसला. बिचारा रोज इतकं अंतर तुडवत येतो. आपल्या दारापर्यंत येतो आणि दारच नसतं.

"सौनाची वाट आज जरा रुंद कर," ती वाइनोला म्हणाली.

"सौना तर शनिवारी तापवायचाय."

"तरी कर."

वाइनोने तिच्याकडे बघितलं. मग खिडकीतून तळ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. जेवायच्या टेबलाशी तो नेहमी तळ्याकडे पाठ करून बसतो. इतक्या वर्षांत हे कधी आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचं एल्माला त्या क्षणी नवल वाटलं.

त्याने वाट रुंद केली नाही.

४

शुक्रवारी डोरीनचा फोन आला. "रिपोर्ट छान आहे गं. फक्त ती न सापडलेल्या पानांची यादी डोळ्यांत खुपते. विकत घेणारा म्हणेल, साइट मोडकी आहे."

"मग काय करू?"

"सोपं आहे. सगळे करतात. ज्याला काही सापडत नाही त्याला 'नाही' म्हणायचं नाही, सरळ मुख्य पानावर आणून सोडायचं. एक ओळ लिहावी लागते. मी सांगते, तू टाईप कर."

"ज्याला सापडत नाही त्याला घरी आणायचं."

"हं. तसंच म्हण."

मुख्य पानावर याच स्वयंपाकघराचा फोटो होता. पडवीकडचं दार, पेटलेली चूल, टेबलावर कप. खालची ओळ एल्माने स्वतः लिहिली होती. बूट पायरीवर झटका आणि आत या, कॉफी तयार आहे. इथे कुठल्याही घरी गेलं तरी हेच ऐकायला मिळतं, म्हणून तिने ती लिहिली होती. तेव्हा त्यात दुसरं काही नव्हतं.

डोरीन एकेक अक्षर सांगत गेली आणि एल्मा एका बोटाने टंकत गेली. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिचं बोट थांबलं. आपण काय करतोय ते तिला कळत नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मुलीने तिला रिपोर्ट नीटनेटका करायला सांगितला होता, आणि ती मुलाला घरची वाट दाखवत होती.

"दाबलंस का?"

"दाबलं," एल्मा म्हणाली.

मग तिने ओट्यावर पीठ काढलं, वेलदोडे कुटले आणि पावाची कणीक मळायला घेतली. कणीक छान झाली.

५

संध्याकाळी वाइनो आत आला तेव्हा पाव भट्टीतून निघाला होता आणि टेबलावर तीन कप होते. वाइनोने कप मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती. त्याने टोपी काढली आणि कंप्युटरच्या पडद्याकडे बघितलं.

"काय केलंस तू, एल्मा?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, नोंद, वाट, लांबलेला वेळ, आजची ओळ. तो हसेल किंवा चिडेल असं तिला वाटलं होतं. तो खुर्चीवर बसला, तेही पहिल्यांदाच तळ्याकडे तोंड करून.

"टॅमरॅक मी का पाडली, माहीत आहे तुला?"

"तुला बघवत नव्हती म्हणून."

"तो गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी रोज सकाळी तिथे जायचो. रोज दारापर्यंत पावलं असायची. तळ्याकडून आलेली." वाइनो हातातल्या टोपीशी बोलावं तसं बोलत होता. "एक पाऊल बुटाचं. एक अनवाणी."

एल्माची नजर पडवीकडे, खुंटीखालच्या बुटाकडे गेली.

"आत चुलीपुढची जमीन ओली असायची. माणूस मी कधी पाहिला नाही. आणि पावलं फक्त येतानाची. परत जाणारी एकही नाही. रोज नवी यायची, जायचं कुणी नाही. मग आत रोज कोण आणि किती जमत होते, ते मी किती दिवस बघत बसणार होतो?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू दार उघडलं असतंस."

"उघडलं असतं. आपला मुलगा आहे तो."

"तो आहे की तळ्याने त्याच्या नावाने दुसरंच काही धाडलंय, हे मला नाही माहीत. म्हणून तर पाडली. ती ओळ काढ, एल्मा. आत्ता काढ. उद्या सह्या करू आणि डोरीनकडे जाऊ."

बाहेर अंधारून आलं होतं. एल्माने नोंदीचं बटण दाबलं. जेट्टी आलेली होती. ती बघत राहिली, आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. जाळ्यांची खोली. चुलीत एक लाकूड खचलं. वाइनो उठून पडवीच्या दाराशी गेला, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"सौना," एल्मा म्हणाली.

"काढ ती ओळ."

तिचं बोट खरंच त्या ओळीवर गेलं होतं. एक बटण, आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं. सापडत नाही. सापडत नाही. वर्षानुवर्षं पोराने त्या उघड्या बर्फावर उभं राहून एवढंच ऐकलं होतं, ते आणखी एकदा ऐकवायचं. तिने बोट काढून घेतलं.

टॅमरॅक. आणि त्याच्याच खाली, लागलीच, मुख्य पान. मिळालं.

मग बराच वेळ काही नाही. बटण दाबून नवं काही येईना. वारा पडला होता आणि घरात भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं. एल्माला वाटून गेलं की झालं, डोरीन म्हणते तेच खरं, यंत्र होतं. आणि तिला हायसं वाटायच्या ऐवजी इतकं रितं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

बाहेरच्या पायरीवर कुणीतरी पाय झटकले. एक आवाज टणक होता. दुसरा मऊ, ओलं फडकं आपटावं तसा.

वाइनोने पाठ दारावर आणखी दाबली. एल्मा उठली आणि त्याच्यापाशी गेली. "बाजूला हो."

"एल्मा, कोण आहे ते तुला माहीत नाही."

"नाही माहीत. सर रे."

म्हातारा सरला. भांडायचं बळ त्याच्यात राहिलं नव्हतं, आणि आत कुठेतरी त्यालाही बघायचंच होतं. तो भेलकांडत मागे चुलीकडे गेला. एल्माने कडी काढली, दार उघडलं. पडवी रिकामी होती. बाहेरचं दार उघडं, पायरीपलीकडे निळसर बर्फ आणि तळ्यावरून येणारी, हाडांत शिरणारी थंडी. ती डोळे ताणून अंधारात शोधत बसली नाही. रोज बसायची तशी तिने आज वाट पाहिली नाही. आर्विड बाहेरून आला की ती जे म्हणायची तेच म्हणाली.

"मागे दार लावून घे. थंडी आत येतेय."

आणि ती कॉफी ओतायला वळली.

तिच्या मागे दार लागलं.

वाइनो तिच्यासमोर होता, चुलीला टेकलेला. तो तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. एल्माने त्याच्या डोळ्यांत जे दिसलं तेवढंच पाहिलं. मान वळवली नाही. तिने तिसरा कप भरला, साखर जरा जास्त घातली, आणि टेबलाच्या त्या बाजूला सरकवला.

६

सकाळी डोरीनचा फोन वाजला तेव्हा वाइनो टेबलाशीच बसून होता. रात्रभर तो तिथून उठला नव्हता. तळ्याकडे पाठ करून बसायचंही त्याने सोडलं होतं.

"आई, रिपोर्ट बघितला. एकदम स्वच्छ. न सापडलेलं एकही पान नाही," डोरीन म्हणाली. "फक्त एक गंमत आहे. कालचा एक पाहुणा आत आलाय तो बाहेरच पडत नाहीये. सारखं मुख्य पानच मागतोय, रात्रभर. सॉफ्टवेअर भेट बंदच करत नाही. त्याने सगळी सरासरी बिघडलीय. मी तेवढा काढून टाकते."

"राहू दे त्याला."

"अगं, पण ते लोक आज..."

"त्यांना कळव, येऊ नका म्हणावं. विकायचं नाहीये."

"बाबांना विचारलंस का? बाबांना दे फोन."

एल्माने वाइनोकडे बघितलं. वाइनोने हळूच मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"बाबा कॉफी पितायत," ती म्हणाली. "मग बोलतील."

फोन ठेवून ती झाडू घ्यायला पडवीत गेली. खुंटीखालची जागा रिकामी होती. आत येऊन तिने चुलीपुढे बघितलं. गालिचा भिजून काळा पडला होता, आणि त्यावर, वाळायला ठेवावेत तसे, एकाशेजारी एक दोन बूट उभे होते.